आधी तारीख, मग नक्षी

काशीत संकठा घाटापर्यंत चारचाकी जात नाही. एका अंगाला शिंदे घाट, दुसऱ्या अंगाला थोड्याच अंतरावर भोसले घाट आणि पाठीमागे गल्ल्यांचे जाळे. त्यात दुचाकी शिरली तरी पुष्कळ. त्यामुळे नागपूर, अमरावती, पुण्याहून संकठादेवीच्या दर्शनाला आलेल्या मंडळींच्या गाड्या मैदागीन किंवा बेनियाबागेच्या अलीकडे, नाहीतर शहराच्या वेशीवर कुठेतरी उभ्या राहतात. प्रयाग, काशी, गया असा त्रिस्थळीचा फेरा करणारी अशी गाडी बहुतेक वेळा घरची सात आसनी असते. वर्षातले अकरा महिने ती सोसायटीच्या आवारात उभी. आठवड्याला एखादी बाजाराची खेप, कधीमधी लग्नकार्य. मग एकदम सात माणसे, टपावर सामान आणि नागपूरहून जबलपूर-रीवामार्गे साडेसातशे किलोमीटर. टायर पाच वर्षांचे, नक्षी निम्म्याहून अधिक शिल्लक आणि बाजूवर, कंपनीच्या नावाच्या उठावदार अक्षरांभोवती, केसासारख्या भेगांची जाळी. परत आल्यावर गिऱ्हाईक म्हणते, ‘पंचवीस हजारसुद्धा झाले नाहीत, लॉटच खराब होता.’ या तक्रारीला आपला धंदा आजवर दोनच उत्तरे देत आला आहे: ‘एवढे चालतेच’ किंवा ‘बदलून टाका’. दोन्ही उत्तरे आळसाची आहेत.

टायरचे आयुष्य किलोमीटरवर मोजायची सवय आपणच गिऱ्हाइकाला लावली. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘किती चालेल?’ आणि आपण चाळीस-पन्नास हजार असा आकडा ठोकून देतो. हा आकडा नक्षीचा आहे. बाजूच्या रबराला तो लागू नाही, कारण बाजू रस्त्याला घासतच नाही. तिचा हिशेब उत्पादनाची तारीख, हवेचा दाब, उभे राहण्याचे दिवस आणि विक्रीआधी टायर कुठे पडून होता यावर चालतो. यातली एकही गोष्ट आपल्या बिलावर नसते. वेळेआधी पडणाऱ्या भेगांच्या बऱ्याचशा तक्रारी ना धड सुटतात ना धड फेटाळल्या जातात, त्याचे कारण आमच्या मते हेच.

रसायनशास्त्र थोडक्यात पाहू. मोटारीच्या टायरच्या बाजूला साधारणपणे नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन यांचे मिश्रण असते. दोन्हींच्या साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. मात्र त्यासाठी रबर ताणलेले असावे लागते. सैल पडलेल्या रबरावर ओझोन भेग पाडत नाही. थोड्या टक्क्यांचा ताण आला की भेग सुरू होते आणि ती ताणाच्या काटकोनात वाढते. रेडियल टायरमध्ये बाजू पातळ असते आणि वाकण्याचे बहुतेक काम तिच्यावरच असते. म्हणून कारखाना मिश्रणात दोन गोष्टी घालतो. एक मेण: ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरते, गाडी उभी असताना उपयोगी पडते, पण टायर वाकू लागला की तडकते. दुसरे 6पीपीडी हे रसायन: ते आतून बाहेर झिरपत राहते, ओझोनला स्वतःवर घेते, आणि टायर फिरता राहिला तर त्याचा पुरवठा चांगला चालतो. चांगल्या टायरच्या बाजूवर जी तपकिरी झाक येते ती याचीच. गिऱ्हाइकाला ती मळ वाटते, आपला पोऱ्या ती डिझेलच्या फडक्याने पुसून वर चकाकी मारून देतो आणि संरक्षण गटारात जाते. (6पीपीडीपासून तयार होणारा एक पदार्थ कोहो सॅल्मन माशांना मारतो, हे 2020च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि कॅलिफोर्नियाने 2023मध्ये त्यावर नियमनाचे पाऊल उचलले. उद्या पर्यायी रसायन आले, तर भेगांचा सारा अनुभव आपल्याला नव्याने जमवावा लागेल.)

हे लक्षात घेतले की यात्रेच्या गाडीचे कोडे उलगडते. महिनोन्महिने उभ्या गाडीत हवा उतरते, जमिनीलगतची बाजू फुगून ताणलेली राहते आणि न फिरल्यामुळे आतले रसायन पुरेसे वर येत नाही. भेगा तिथेच, घरी, सुरू होतात. काशीच्या उन्हाला दोष देणे सोपे आहे. गंगेच्या मैदानात एप्रिल ते जून जमिनीलगतचा ओझोन वाढतो हे खरे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅमची आहे आणि तो पट्टा या बाबतीत बदनाम आहे. तरी तीन दिवस पार्किंगमध्ये उभे राहून टायर म्हातारा होत नाही. प्रवास फक्त आधीच्या भेगा रुंद करतो: ओझे वाढलेले, हवा रोजच्या दोन माणसांपुरती, वेग शंभराच्या आसपास. किलोमीटरचा यात किती थोडा वाटा आहे हे पाहायचे असेल, तर घाटाला लागणाऱ्या मोटरबोटींच्या कडेला धक्का सोसण्यासाठी बांधलेले जुने टायर पाहावेत. त्यांचा रस्ता केव्हाच सुटलेला असतो, भेगा मात्र वाढतच असतात.

आता तपासणीकडे वळू. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा 2023मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. पाऊल योग्यच होते. पण गुळगुळीत टायर कुणालाही दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989मधील नियम 94 मोटारीसाठी नक्षीची किमान खोली 1.6 मिलिमीटर सांगतो. टायरच्या वयाची मर्यादा सांगत नाही. मग उभा राहून राहून भेगाळलेला, नक्षी शाबूत असलेला टायर अशा तपासणीतून ताठ मानेने पार होतो. ब्रिटनने हा धडा महाग शिकला. सप्टेंबर 2012मध्ये सरेमधील हाइन्डहेडजवळ एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. तो टायर 19 वर्षांहून जुना होता, नक्षी मात्र कायद्यात बसणारी होती. 1 फेब्रुवारी 2021पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुना टायर चालत नाही. आपल्याकडे असा नियम येईल तेव्हा येईल. तोवर बाजूवरचे चार आकडे वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, हे वाचकांना सांगायला नको. गिऱ्हाइकाला मात्र कुणी सांगितलेले नसते.

आणि आपल्या दुकानात काय चालते? दर्शनी भागात रस्त्याकडे तोंड करून टांगलेले टायर दिवसभर उन्हात असतात, तेही एका खुंटीवर, म्हणजे स्वतःच्या वजनाने ताणलेले. मागच्या खोलीत कॉम्प्रेसर आणि त्याला खेटून टायरची थप्पी. ठिणग्या उडवणारी मोटर, वेल्डिंगचा संच, बॅटरी चार्जर ही सगळी ओझोन तयार करणारी साधने. टायर त्यांच्यापासून लांब, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावेत हे साठवणुकीच्या प्रत्येक सूचनापत्रकात असते. सहा महिने दर्शनी भागात लटकलेला टायर ‘नवा’ म्हणून विकला जातो आणि दोन वर्षांनी तक्रार आली की आपण कंपनीकडे बोट दाखवतो. नायट्रोजनचे वेगळे पैसे घेऊन ‘आता भेगा पडणार नाहीत’ असे सांगणेही थांबायला हवे. नायट्रोजनमुळे आतल्या बाजूने होणारे ऑक्सिडीकरण थोडे कमी होते. बाहेरून येणाऱ्या ओझोनला त्याचा काही अडसर नाही.

बिलावर उत्पादनाची तारीख लिहा म्हटले की विक्रेते हादरतात. गिऱ्हाईक तीन महिन्यांपूर्वीचा टायरसुद्धा नाकारेल, माल पडून राहील, अशी त्यांची भीती. भीती खोटी नाही, पण ती अज्ञानावर उभी आहे आणि ते अज्ञान आपल्या गप्प बसण्याने पोसले आहे. नीट साठवलेला, रिमवर न चढवलेला टायर वर्ष-दीड वर्षात बिघडत नाही. जर्मनीच्या व्यापारात तीन वर्षांपर्यंतचा न वापरलेला टायरही कोरा धरला जातो. हे गिऱ्हाइकाला समोरून सांगितले तर ते ऐकते. घरी जाऊन शेजाऱ्याने आकडे वाचून दाखवले, तर तोच टायर फसवणूक ठरतो. जुना माल असेल तर तारीख दाखवून किंमत उतरवावी, आणि दिवसाला तीनशे किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीला तो द्यावा. तिची नक्षी वर्षाच्या आतच संपणार, बाजूला म्हातारपण यायला वेळच मिळणार नाही. उलट अकरा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला सर्वांत ताजा टायर लागतो. आज आपण नेमके उलटे करतो, कारण टॅक्सीवाला आकडे वाचतो आणि घरगुती गिऱ्हाईक वाचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळा दोष वापरावर आणि साठवणुकीवर टाकला, तर कंपनी सुटते. खराब मिश्रणाचे लॉट येत नाहीत असे कोण म्हणेल? पण तो दोष सिद्ध करायचा तर भेग वाचावी लागते. चारही टायर एका तारखेचे, एकत्र चढवलेले, आणि भेगा एकावरच असतील, तर त्या टायरवर किंवा त्या चाकावर संशय घ्यावा. चारांवरही फक्त उन्हाकडच्या बाजूला असतील, तर उभे राहण्याची जागा विचारावी. बाजूच्या वाकणाऱ्या भागात गोल कड्यासारखी भेग असेल, तर हवा कमी आणि वजन जास्त. रिमलगत ओरखड्यातून निघालेली असेल, तर चढवणाऱ्याची पट्टी लागली आहे, म्हणजे दोष आपला. आणि दोन-अडीच वर्षांच्या आत, हवेची नोंद व्यवस्थित असताना, चारही टायरांच्या दोन्ही बाजू सारख्याच जाळीने भरल्या असतील, तर क्लेम ठामपणे लढवावा. आज असे क्लेम पडतात ते पुराव्याअभावी. कंपनीचा माणूस ‘हवा कमी ठेवली’ असे लिहून फाइल मिटवतो आणि आपल्याकडे त्याला खोटे पाडणारा एकही आकडा नसतो. दर अलाइनमेंटला कार्डावर थंड टायरची हवा, नक्षीची खोली आणि बाजूची एक ओळ लिहिली, तर तोच कागद गिऱ्हाइकाच्या बाजूने उभा राहतो. भरपाई उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते, त्यामुळे नक्षी भरपूर असलेल्या भेगाळ टायरला ती चांगली मिळायला हवी. कंपन्या तिथेच हात आखडता घेतात, आणि विक्रेत्यांच्या संघटनांनी हा मुद्दा लेखी लावून धरावा असे आम्हाला वाटते.

राहता राहिला ‘भेगा वरवरच्या आहेत, चालतात’ हा युक्तिवाद. काही चालतातही. मिशेलिनने मोटरहोमच्या टायरांसाठी दिलेली पट्टी हाताशी ठेवण्याजोगी आहे: भेग 0.8 मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर टायर चालू शकतो, 0.8 ते 1.6च्या दरम्यान जाणकाराने तपासावा, त्याहून खोल असेल तर लगेच उतरवावा. वेगळ्या टायरांसाठीची ही पट्टी मोटारीच्या पातळ बाजूला लावताना आणखी सावध राहावे. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी सक्तीने निवृत्ती, हा सल्ला अनेक कंपन्या देतात. आपल्या उन्हात आणि आपल्या ओझ्यांत दहा वर्षे आम्हाला उदार वाटतात. खर्चाची सबब 22 सप्टेंबर 2025पासून थोडी हलकी झाली आहे, नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आला. लांबच्या यात्रेला निघालेल्या कुटुंबाला उरलेल्या चार मिलिमीटर नक्षीचे समाधान देण्यापेक्षा वयाचे आणि खर्चाचे हे गणित मांडून दाखवावे.

स्टेपनीबद्दल एवढेच. सात आसनी गाडीत ती बहुधा मागे पोटाखाली, चिखलात आणि सायलेन्सरच्या उष्णतेजवळ टांगलेली असते. कधीच न फिरल्यामुळे तिची नक्षी कोरी, वय गाडीएवढे, आणि ती कामाला येते ती रीवा-मिर्झापूरच्या रस्त्यावर चालता टायर फुटल्यावर, पूर्ण ओझ्याखाली. चार टायर बदलून जुनी स्टेपनी तशीच ठेवायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. चारांतला सर्वांत बरा जुना टायर तिच्या जागी घालावा, तोही बाजू आणि वय तपासून, आणि बिलावर पाचवी तारीख तिची लिहावी. ती वाचायला गाडीखाली आडवे व्हावे लागते. त्याची वेगळी मजुरी लावली तरी हरकत नाही.