रिकर्व्ह की कंपाउंड? आधी कशासाठी ते बोला!

शिकारीसाठी क्रॉसबो घ्यायचा तर रिकर्व्ह घ्यावा की कंपाउंड? नेटवर शोधलंत तर उत्तरांचा ढीग मिळेल. रिकर्व्ह साधा, दोरी बदलायची तर घरच्या घरी बदलता येते. कंपाउंडला टोकांशी कॅम नावाची लंबगोल चाकं आणि केबल्स असतात. तो आटोपशीर असतो, बाणही जोरात सोडतो, पण दोरी बदलायला खास यंत्र लागतं. तक्ते एकदम झकास असतात. फक्त ते लिहिणारे बहुतेक अमेरिकेतले शिकारी असतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. अपवाद अगदी मोजके, तेही परवानगीनेच. शिकारीचा नुसता प्रयत्नही 'शिकार'च धरला जातो. त्यामुळे आमच्या पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात कुणी क्रॉसबो घेऊन शिरलाच, तर तो रिकर्व्ह होता की कंपाउंड हे वनखातं विचारत बसणार नाही!

पण म्हणून प्रश्न निकालात निघत नाही. महाराष्ट्रात हाच प्रश्न दुसऱ्या ठिकाणी अगदी गंभीरपणे विचारला जातो. क्रॉसबोबद्दल नाही, धनुष्याबद्दल. मुलगा किंवा मुलगी तिरंदाजी शिकतेय, आता घरच्यांनी पैसे जमवून धनुष्य घ्यायचंय. कुठलं घ्यायचं? इथे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "रिकर्व्हच घ्या, ऑलिंपिकमध्ये तेच असतं." दोन, "कंपाउंड काय, सगळं मशीनच करतं."

दुसरं वाक्य आधी घेतो, कारण त्याचं गणित मांडता येतं. रिकर्व्ह पूर्ण ओढलं की त्याचा सगळा भार बोटांवर आणि पाठीवर येतो. ४५ पौंडांचं धनुष्य म्हणजे साधारण २० किलो. ते तसंच धरून नेम साधायचा. कंपाउंडमध्ये दोरी शेवटपर्यंत ओढली की कॅम फिरतो आणि भार एकदम उतरतो. ६० पौंडांच्या धनुष्यात ७५ टक्के भार उतरला तर हातात उरतात १५ पौंड, म्हणजे जेमतेम ७ किलो. वर नेम धरायला भिंग, आणि दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या खटक्याने सुटते. म्हणजे मशीन मदत करतं, हे खरंच.

पण पुढचं बघा. रिकर्व्हचं लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. कंपाउंडला अंतर ५० मीटर, वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. आता तिरंदाजाच्या डोळ्याने मोजा. ७० मीटरवरचे १२.२ सेंटिमीटर ५० मीटरवर आणले तर ८.७ होतात. म्हणजे कंपाउंडवाल्याचं वर्तुळ उलट किंचित लहानच आहे! शिवाय रिकर्व्हची वैयक्तिक लढत सेटवर चालते, एक सेट हातचा गेला तरी पुढचा नव्याने सुरू होतो. कंपाउंडमध्ये १५ बाणांची थेट बेरीज. एकदा नऊ लागला की तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

मशीनने काम सोपं केलं की स्पर्धाही सोपी होते असं नाही. मशीन सगळ्यांच्याच हातात असतं. ५ ऑगस्ट २०२३ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी १४९-१४७ने जिंकली. भारताचं ते पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. आणि समोरच्याचे किती? १४९! एका चुकलेल्या बाणाची किंमत एवढी असते. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या अकादमीत घडलेले. 'मशीनच करतं' म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा शांतपणे बघावा.

आता ऑलिंपिक. १९७२ला म्युनिकमध्ये तिरंदाजी परत आली तेव्हापासून २०२४च्या पॅरिसपर्यंत तिथे फक्त रिकर्व्ह होतं. २०२८च्या लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतोय, तसा निर्णय एप्रिल २०२५मध्ये झाला. झकास बातमी, पण एका देशाचा एक मुलगा आणि एक मुलगी, बस्स. त्या दोन जागांसाठी अख्ख्या राज्यातल्या मुलांना कंपाउंड देणं जितकं चूक, तितकंच 'ऑलिंपिक' म्हणून सगळ्यांना रिकर्व्ह देणंही चूक.

मी रिकर्व्हच्या विरोधात अजिबात नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव याच धनुष्यावर टोकियो ऑलिंपिकला गेला. मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा, त्याचा प्रवास वाचून ऊर भरून येतो. पण तो तिथे पोचला म्हणून ती वाट प्रत्येकाची होत नाही.

आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे. रिक्वायरमेंट विचारल्याशिवाय टूल निवडायचं नाही. शिकाऱ्याची रिक्वायरमेंट बाणाचा वेग. पालकांची, पाच रिंगांचं स्वप्न. आणि पोराची? तीच कृती दिवसाला शे-दोनशे वेळा, कंटाळा न करता, जशीच्या तशी करणं. काहींना त्यात भार पेलण्याची मजा येते, त्यांचं धनुष्य रिकर्व्ह. काहींना शून्य चुकीचं वेड असतं, त्यांचं कंपाउंड. हे कळायला काही महिने साध्या सरावाच्या धनुष्यावर घालवावे लागतात. ते स्वस्तही पडतं. तेवढं थांबा, मग पोरालाच विचारा. कर्ज तुम्ही काढणार हे मान्य, पण दहा वर्षं दोरी त्याला ओढायचीय.