बॅटरीवरचा शंकरपट कधी भरवणार?

खरं सांगा. हायवेवर शेजारच्या लेनमध्ये एखादी गाडी आली, तिच्यातल्यानं तुमच्याकडे एकदा बघितलं आणि तुमचा पाय आपोआप खाली गेला, असं कधी झालंय?

झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि लेक्चर म्हणून वाचू नका, कारण मी स्वतः त्या गाडीत बसलेली होते.

मागच्या दिवाळीची गोष्ट. तिवसा ते मोझरी, रात्रीचे अकरा. माझ्या आत्याच्या घरी नवी इलेक्ट्रिक गाडी आली होती आणि आतेभावाला ती दाखवायची होती. बाईकवरचे दोन पोट्टे सिग्नल द्यावा तशी मान हलवून पुढे निघाले. दादानं पॅडल दाबलं. मी बाजूच्या सीटवर, हातात मोबाईल, व्हिडिओ सुरू. बाईक पुढे, आम्ही तिला मागून गाठतोय. तेवढ्यात दुभाजकाच्या फटीतून एक काका रस्त्यात उतरले. खांद्यावर फावडं, हातात बॅटरी. रात्रीची लाईन होती, ओलित करायला निघाले होते. त्यांनी बाईकचा आवाज ऐकला, ती जाऊ दिली आणि पाय टाकला. आमची गाडी त्यांना ऐकूच आली नाही.

दादानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. काका आणि बोनेट यांच्यात दोन-तीन हात अंतर उरलं असेल. ते ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. काचेजवळ आले आणि म्हणाले, "पोट्टेहो, आवाज तं करा बावा."

तो व्हिडिओ अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी तो कुठेच टाकला नाही, डिलीटही केला नाही.

त्या रात्रीनंतर मला दोन गोष्टी पटल्या. एक, रस्त्यावर रेस लावणं हा मूर्खपणा आहे आणि इलेक्ट्रिक गाडीनं तो दुप्पट होतो. दोन, नुसतं "रेस लावू नका" म्हणून काही होत नाही. वेग आवडणाऱ्याला वेगाची जागा द्यावी लागते. आपल्याकडे ती जागा नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

खेळ आपल्या ओळखीचा आहे

ड्रॅग रेस म्हणजे काय? सरळ पट्टा, दोन गाड्या, उभ्यानं सुटायचं, ठरलेल्या रेषेपर्यंत जायचं. वळण नाही, फेऱ्या नाहीत. पूर्ण अंतर म्हणजे क्वार्टर माईल, ४०२ मीटर. हौशी लोक निम्म्यावरही खेळतात, २०१ मीटर. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजतात.

आता हे वाचून तुमच्या आजोबांना सांगा. ते म्हणतील, हा तर शंकरपट! सरळ धावपट्टी, जोडी, धुरकरी आणि घड्याळ. आपल्याच जिल्ह्यातलं तळेगाव दशासर त्यासाठी ओळखलं जातं. वेगाची हौस अमेरिकेतून आलेली नाही. आमच्या तिवसा तालुक्यात तर ती कौंडण्यपूरपासून आहे. रुक्मिणीला घेऊन रथ निघाला आणि मागे लागलेल्यांना तो गाठता आला नाही, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो.

शंकरपटाचं पुढे काय झालं तेही आठवा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. बंदीच्या काळातही चोरून शर्यती झाल्याच्या बातम्या येतच होत्या. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी होते, टोचणी-चाबकाला मनाई आहे. म्हणजे हौस मारून टाकली नाही, तिला नियमात आणलं. बैलांच्या बाबतीत जे जमलं ते बॅटरीच्या बाबतीत का जमू नये?

गाडी तयार करायची म्हणजे काय?

इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. तयारी म्हणजे मोठा सायलेन्सर, स्टिकर आणि कुणाकडून तरी "मॅप" मारून घेणं. इलेक्ट्रिक गाडीला यातलं काहीच लागत नाही, आणि म्हणूनच ती विद्यार्थ्यांच्या हौशी रेसिंगला सगळ्यात योग्य आहे असं माझं मत आहे.

मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. २०२० मध्ये आलेल्या टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घ्या. १२९ पीएस, २४५ न्यूटन मीटर, ३०.२ युनिटची बॅटरी, आणि कंपनीचा दावा शून्य ते शंभर ९.९ सेकंदांचा. ही घरची, भाजी आणायची गाडी आहे. हिशेब करून बघा: ९५ किलोवॉटची मोटर सलग १८ सेकंद पूर्ण ताकदीनं चालली तरी अर्धं युनिट वीजसुद्धा लागत नाही. एका धावेला बॅटरीचे दीड-दोन टक्के. पेट्रोल जाळण्याचा खर्च नाही की धूर नाही.

मग तयारी कशाची? क्रमानं सांगते.

टायर. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. गाडी सुटते तेव्हा वजन मागे जातं. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर नेमकी तीच हलकी होतात आणि जागेवर फिरतात. त्यात ईव्हीला बहुतेक वेळा रेंज वाढवणारे कमी घर्षणाचे टायर येतात. पकड चांगली असलेले, पण त्याच मापाचे आणि तेवढंच वजन पेलणारे टायर घेणं हा एकमेव खर्च मी योग्य मानते. हवेचा दाब पट्ट्यावर थोडा कमी-जास्त करून बघता येतो, पण घरी निघण्याआधी तो परत कंपनीनं सांगितल्याएवढा हवा.

बॅटरी. चार्ज फार उतरला की ताकद कमी होते, म्हणून भरलेली न्यायची. पण काठोकाठ शंभर टक्के नको. बॅटरी पूर्ण भरलेली असली की ब्रेक लावताना तयार होणारी वीज ती घेऊ शकत नाही, मोटर वेग कमी करायला मदत करत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ऐंशी-नव्वद टक्के ठीक.

ऊन. हा आपला खास वऱ्हाडी प्रश्न. बॅटरी तापली की गाडीचा संगणक स्वतःहून ताकद कमी करतो. अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना तिसऱ्या धावेला गाडी मंदावली तर ती बिघडलेली नाही, ती स्वतःला वाचवते आहे. हिवाळ्यातली सकाळ निवडा, दोन धावांमध्ये गाडी सावलीत उभी करा.

वजन. डिक्कीतलं सामान काढा. सीट, सीटबेल्ट, एअरबॅग यांना हात लावू नका.

ब्रेक. सुटण्याचा विचार सगळे करतात, थांबण्याचा कुणी करत नाही. पॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या. आमच्या गाडीचे ब्रेक चांगले नसते तर हा लेख मी लिहिला नसता.

आणि एक गोष्ट करायचीच नाही: नारिंगी वायरींना हात लावणं. त्यांतून कितीतरी शे व्होल्टचा डीसी प्रवाह जातो. घरच्या शॉकशी त्याची तुलना करू नका. "मी खोलून बघतो" म्हणणाऱ्या मित्राला तिथेच थांबवा.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त: वही. एका वेळी एकच बदल करा, वेळ लिहा, मग दुसरा बदल. टायरचा दाब आणि चार्ज दोन्ही एकदम बदलले तर कशानं फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

पैसेवाल्यांचा खेळ?

हा आक्षेप माझ्या मैत्रिणीनं लगेच घेतला. "ज्याच्या बापाकडे मोठी गाडी, तो जिंकणार." साध्या शर्यतीत बरोबर आहे. पण हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये ब्रॅकेट नावाचा एक सुंदर नियम आहे. आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी जाहीर करायचं. हळू गाडीला तेवढा वेळ आधी सोडतात. आणि जाहीर केल्यापेक्षा वेगात गेलात, तर बाद! म्हणजे जिंकतो तो, ज्याला आपली गाडी नीट कळते आणि जो हिरवा दिवा लागताच चुकत नाही. यात टियागो ईव्ही महागड्या गाडीला हरवू शकते. आणि गिअर नसल्यामुळे इलेक्ट्रिक गाडी दर वेळी जवळपास तेवढाच वेळ घेते, म्हणून या नियमासाठी ती एक नंबर.

अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या जॉन वेलंड यांनी १९७२ ची छोटीशी डॅटसन १२०० इलेक्ट्रिक केली आणि तिचं नाव ठेवलं 'व्हाइट झॉम्बी'. नंबरप्लेट असलेली, रस्त्यावर चालवता येणारी गाडी. तिनं क्वार्टर माईल साडेदहा सेकंदांच्या आत पार केलं आणि मोठमोठ्या पेट्रोल गाड्यांना मागे टाकलं. पण पट्ट्यावर, रात्रीच्या हायवेवर नाही.

कायदा एकदा वाचाच

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९. सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार किंवा दोन्ही. कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. आणि तुमच्या विम्याचा कागद काढून बघा. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून सहसा वगळलेली असते. म्हणजे पट्ट्यावर जातानाही गाडीच्या नुकसानीची जबाबदारी आपली, हे घरी आधी सांगून जायचं.

समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, आव्हान नाही.

मग करायचं कुठे?

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावानं ड्रॅग रेस झालेली आहे. म्हणजे महाराष्ट्रात हे अशक्य नाही. पण तिवस्याच्या पोरानं घरची गाडी घेऊन लोणावळ्याला जायचं म्हणजे चार्जिंगचे थांबे धरून दीड दिवस गेला.

आपल्याकडे अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे. तिथे रोजची प्रवासी विमानं उतरत नाहीत. वर्षातून एक रविवार, जानेवारीत, सकाळी सात ते अकरा. अंतर २०१ मीटरच, म्हणजे थांबायला भरपूर जागा. देशातल्या मोटर स्पोर्ट्सची संघटना एफएमएससीआयचे नियम, हेल्मेट सक्तीचं, रुग्णवाहिका, अग्निशमनची गाडी, प्रेक्षक कठड्याच्या मागे. गाड्यांची तपासणी बडनेरा, अमरावती, अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करावी. त्यांना खरीखुरी गाडी तपासायला मिळेल, आपल्याला खरीखुरी वेळ मिळेल.

विमानतळ नको असेल तर एमआयडीसीतला एखादा सरळ रस्ता रविवारी चार तास बंद करा. ज्या वऱ्हाडात जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला, तिथे अर्धा किलोमीटर सरळ रस्ता चार तासांसाठी मिळू नये?

कुणी म्हणेल, यानं पोरं आणखी बिघडतील. पट्टा मिळाल्यावर हायवेवरची प्रत्येक रेस थांबेल असा दावा मी करत नाही. पण ज्यानं एकदा छापील कागदावर आपली वेळ बघितली, सुटायला किती उशीर झाला ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचलं, त्याला हायवेवरच्या "मीच पुढे होतो" या वादात काय मजा येणार? दादाचंच बघा. तो आता मोकळ्या मैदानात दोन खुणा करून सकाळी एकटाच गाडी सोडतो आणि वहीत वेळ लिहितो. ते शास्त्रशुद्ध नाही, पण त्या मैदानात रात्री ओलिताला निघालेलं कुणी नसतं.

तर तुम्ही दोन कामं करा. पहिलं, आज रात्री कुणी शेजारी येऊन मान हलवली, तर पाय उचला. त्यात हरण्यासारखं काही नाही, तिथे वेळ मोजणारं घड्याळच नाही. दुसरं, कॉलेजातल्या दहा जणांच्या सह्या घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा: आम्हाला एक रविवार आणि एक सरळ पट्टा हवा आहे. तिवस्याचा अर्ज मी लिहायला घेतलाय. पहिली सही दादाची आहे, दुसरी माझी. तिसरी त्या काकांची घ्यायची इच्छा आहे, ते भेटले की विचारणार आहे.