एक पंचमांश माकड

या पानावर मी बहुधा पुस्तकांविषयी लिहितो. तेव्हा यंदा गणित निघालेले पाहून नेहमीचे वाचक दचकतील. दोष माझा नाही, भाचीचा आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी ती आमच्या हिंगण्याच्या घरी आली आणि चिवड्याच्या बशीशेजारी एक कागद ठेवून म्हणाली, "मामा, एवढं तपासून द्या. मुलांच्या निबंधांत खोडता, आज माझ्यात खोडा."

भाची संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिने बहुपदीची मुळे काढणारे एक साधन केले आहे. म्हणजे समीकरण द्यावे आणि क्षची कोणती किंमत घातली असता ते शून्य होते हे विचारावे. असली साधने पुष्कळ आहेत. पण हिचे साधन माणसांसाठी नाही. ते वापरणार एआय एजंट. हा एक गुमास्ताच समजा! काम सांगितले की लागतील ती हत्यारे तो आपण होऊन उचलतो. मात्र हत्याराच्या पोटात काय आहे हे तो सहसा पाहत नाही. हत्याराचे नाव, त्याला काय द्यायचे, त्यातून काय मिळते, एवढे वर्णन वाचून तो कामाला लागतो. ते वर्णन त्या कागदावर होते. भाषा इंग्रजी, आणि पहिलेच वाक्य असे, की सहगुणक द्या, मुळे घ्या.

मला ते फार आवडले. सूत्रासारखे! तसे मी म्हणालोही.

"त्या सूत्रानंच घात केला," भाची म्हणाली.

परीक्षा म्हणून तिने एजंटाला भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तले माकडांचे कोडे घातले होते. (लहानपणी ते तिला मीच सांगितले होते.) कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जे उरेल त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर दिसते आहे, तर कळप केवढा? मांडणी केली की क्षचा वर्ग, उणे ५५ क्ष, अधिक २५० बरोबर शून्य असे समीकरण येते. सहगुणक १, उणे ५५ आणि २५०. एजंटाने ते उलट्या क्रमाने दिले, आधी २५० आणि शेवटी १. उत्तर आले, एक पंचमांश माकड किंवा एक पन्नासांश माकड.

क्रम उलटला की मुळे व्यस्त होतात, हा बीजगणिताचा साधा नियम. साधन चुकले नव्हते; त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने बिनचूक दिले होते. एजंटाचाही मोठा अपराध म्हणता येत नाही. 'नमपाय' या प्रसिद्ध संग्रहात जुने 'रूट्स' मोठ्या घातापासून सहगुणक मागते आणि नवे 'पॉलीरूट्स' लहान घातापासून. त्याने बिचाऱ्याने कोणता रिवाज धरायचा? आमच्या घरी अनारशाच्या कृतीत "गूळ बेताचा" असे लिहिलेले आहे. ज्याने अनारसे खाल्ले आहेत त्याला तो बेत कळतो.

मी हसलो, भाची हसली नाही. कालव्यातल्या पाण्याची खोली काढताना असेच समीकरण, तेही घनाचे, येते, असे तिने सांगितले. माकड पाचवा हिस्सा निघाले तर कोणीही चूक ओळखील. पाणी वीतभर निघाले तर ते खोटे आहे हे कोण ओळखणार?

तेव्हा मी लाल शाईचे पेन काढले. सहगुणक मोठ्या घातापासून लहानाकडे द्यावेत. मधला एखादा घात नसेल तर त्याच्या जागी शून्य लिहावे. एवढी दोन वाक्ये घातली. भाची कुरकुरली. वर्णन लांबले की एजंटाच्या मर्यादित स्मरणातली जागा खाते म्हणे. मग मी तिला पाटणचा शिलालेख सांगितला. चाळीसगावाजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढला. शके ११२८ चा लेख आहे. त्यात घराण्याची थोरवी संस्कृतात आहे. पण कोणत्या मालावर मठाला काय द्यायचे, हे शेवटी मराठीत खोदले आहे. जागा दगडाची होती आणि छिन्नीने खोदायचे होते. तरीही ती वाचवली नाही. देणारा बाजारातला माणूस, त्याला कळायला हवे.

क्रम सुधारल्यावर मुळे आली ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. आता कळप कोणता? पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे दिली आणि दुसरे घेऊ नये असे सांगून कारणही लिहिले, की प्रत्यक्षातली वस्तू उणे असते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. भाचीच्या कागदावर याविषयी अक्षर नव्हते. कालव्याच्या समीकरणात तर तीन मुळांतले एक उणे निघते आणि उरलेली दोन्ही अधिक असतात. पाणी संथ आहे की वेगात, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांतले एक उचलता येत नाही.

"मग निवड साधनानंच करावी का?" तिने विचारले.

"नको. त्याला माकडं ठाऊक नाहीत. सगळी मुळं द्यावीत, निवड करीत नाही असं स्पष्ट लिहावं आणि प्रत्येक मूळ मूळच्या प्रश्नात घालून पाहावं, असं एजंटाला बजावावं."

"मूळ मूळच्या?"

मी ते वाक्य खोडले आणि "पहिल्या प्रश्नात" असे केले.

रात्री जेवणानंतर तिने एजंटाला पुन्हा तेच कोडे घातले. उत्तर आले ५०. खाली एक ओळ जादा होती, की ५ हे मूळ सोडले, कारण त्याने गुहेत जाणाऱ्यांची संख्या उणे दोनाचा वर्ग होते. भाची ती ओळ काढायला निघाली होती. मी काढू दिली नाही.