आधी प्रमाणपत्राची तारीख वाचा

'सर्टिफाइड आहे' एवढे म्हटले की आपल्या बाजारातली घासाघीस थांबते. लिलावाच्या यादीत हा शब्द दिसताच बोली चढते आणि भिंग खिशातच राहते. सर्टिफिकेट कुणाचे, केव्हाचे आणि त्यात नेमके काय प्रमाणित केले आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. परदेशी संग्रहांतले जुने स्लॅब, म्हणजे सीलबंद प्लास्टिक डब्यांतली प्रमाणित नाणी, आणि फोटो-सर्टिफिकेटे आपल्याकडेही विक्रीला येतात, म्हणून व्यापारी आणि संग्राहक दोघांसाठी हा विषय घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: जुने प्रमाणपत्र हे त्या दिवशीच्या माहितीवर दिलेले मत असते. तारीख पाहिल्याशिवाय त्याला डोक्यावरही घेऊ नये आणि मोडीतही काढू नये.

नाणी प्रमाणित करण्याची सेवा सुरू झाली ती ग्रेडसाठी, म्हणजे नाण्याच्या स्थितीचा दर्जा ठरवण्यासाठी, नव्हे. बनावट नाण्यांचा, विशेषतः सोन्याच्या नाण्यांचा, सुळसुळाट झाला तेव्हा अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये 'अनॅक्स' काढली. नाणे अस्सल की नकली, एवढेच ती सांगे. ग्रेड देणे सुरू झाले १९७९ मध्ये. त्या काळच्या सर्टिफिकेटवर नाण्याचे कृष्णधवल फोटो, नोंदणी क्रमांक आणि 'एमएस ६३/६५' (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेले नाणे) असे दोन्ही बाजूंचे वेगवेगळे ग्रेड असत. नाणे मात्र सुटेच परत मिळे. त्यामुळे कागद एका नाण्याचा आणि सोबत नाणे दुसरेच, असे होऊ शकते. असे सर्टिफिकेट हाती आले तर ग्रेड नंतर वाचा. फोटोतला एखादा ओरखडा, कडेवरचा ठोका, पत्र्यातला दोष हातातल्या नाण्यावर त्याच जागी आहे का, ते आधी भिंगाखाली पाहा.

ग्रेडचा आकडाही काळाप्रमाणे बदलला आहे. असोसिएशनच्या १९७७ च्या मानकांत न वापरलेल्या नाण्यांना ६०, ६५ आणि ७० अशा तीनच पायऱ्या होत्या. ६३ आणि ६७ मागाहून आल्या. १९८६ मध्ये 'पीसीजीएस' या प्रमाणन सेवेने काम सुरू केले ते ६० ते ७० अशा अकराही पायऱ्या घेऊन. मधल्या काळात बाजाराची नजर कडक झाली होती. म्हणून १९८० चे '६५' आज ६३ भरले तर त्या परीक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या हातातली मोजपट्टीच जाडसर होती. दोष द्यायचाच तर १९८० च्या आकड्याला आजचा भाव लावणाऱ्याला द्यावा.

ऐंशीच्या दशकात काही सेवा नाणी विकणाऱ्यांच्याच होत्या. मालही त्यांचा आणि ग्रेडही त्यांचा. 'पीसीजीएस' आणि १९८७ मध्ये आलेली 'एनजीसी' यांनी नाणे सीलबंद केले आणि ग्रेडमागे आर्थिक हमी उभी केली. जुन्या सेवेची पत जोखताना हाच प्रश्न कामाचा ठरतो: चुकीची किंमत कोण मोजणार होते? सेवा बंद पडली असेल तर हमीही संपली. नाव तेच राहून मालक बदलले असतील, तर जुन्या कागदाला नवा मालक बांधील आहे का, हे विचारून घ्यावे. 'अनॅक्स'ही १९९० मध्ये असोसिएशनकडून एका प्रकाशन कंपनीकडे गेली.

जुना स्लॅब म्हणजे कडक ग्रेड, ही समजूतही बाजारात पक्की आहे. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच. सुरुवातीच्या स्लॅबमधली जी नाणी आजच्या हिशेबाने वरच्या ग्रेडची होती, त्यांतली बरीच जाणत्यांनी केव्हाच फोडून पुन्हा पाठवली आणि वरचा ग्रेड मिळवला. जुन्या प्लास्टिकमध्ये उरलेल्या मालात न चढलेली नाणी म्हणूनच जास्त असणार. फोडलेल्या स्लॅबची चिठ्ठी परत केली नाही तर एकच नाणे नोंदीत दोनदा राहते. पॉप्युलेशन रिपोर्टमधला, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती नाणी प्रमाणित झाली याच्या यादीतला, जुना आकडा वाचताना हे विसरू नये.

अस्सलपणाच्या बाबतीत जुना कागद अधिक भरवशाचा, असे आम्हीही मानतो. तरी तिथेही तारीख लागतेच. मॉर्गन डॉलरवर न्यू ऑर्लिन्स टांकसाळीची खूण म्हणून 'ओ' असतो. १८९६, १९०० आणि १९०२ या सालांच्या काही डॉलरांवर हा 'ओ' नेहमीपेक्षा बारीक आहे. संग्राहकांनी त्यांना दुर्मिळ प्रकार मानले आणि मोठ्या सेवांनी ती नाणी प्रमाणितही केली. पुढे लक्षात आले की तिन्ही सालांच्या नाण्यांवर मागच्या बाजूच्या ठशाचे तेच दोष आहेत. सगळी नाणी झिजलेली, एकही कोरे सापडत नाही. २००५ मध्ये 'पीसीजीएस'ने ती त्याच काळातली बनावट नाणी असल्याचे जाहीर केले. १८९९ चा बारीक 'ओ' मात्र अस्सलच आहे. परीक्षक तेच होते, बदलले ते ज्ञान.

आपल्या नाण्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे परदेशी स्लॅबमधला जुना रुपया बहुधा बाहेरच्याच संग्रहातला असतो. शिवाय सत्तरची ही मोजपट्टी १९४९ मध्ये शेल्डन यांनी अमेरिकेच्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' किती उतरले आहे, ठसा किती सरकला आहे, हे तो आकडा सांगत नाही. यंत्रावर पाडलेल्या नाण्यातही आकड्याआधी अस्सलपणा पाहावा लागतो. १९३९ चा मुंबईचा चांदीचा रुपया दुर्मिळ, १९३८ चा मुबलक. म्हणून आठाचा नऊ करणारे कारागीर निघाले. सुटा रुपया असेल तर वजन ११.६६ ग्रॅम भरेलच, कारण मूळ नाणे खरेच आहे. पाहायची ती शेवटच्या अंकाभोवतालची जमीन. तिथे खरवडल्याची रेघ किंवा बदललेली चमक दिसते का? ज्या जुन्या स्लॅबांत कड झाकलेली असते, तिथे ओतीव नकलेचा सांधाही दिसत नाही.

तेव्हा लिलाव करणाऱ्यांनी सेवेचे नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि त्याचा काळ या तीन गोष्टी यादीत छापाव्यात. स्लॅबचीही नक्कल होते, म्हणून क्रमांक सेवेच्या नोंदीशी ताडावा. जुन्या क्रमांकांसोबत बहुधा फोटो नसतो, तिथे क्रमांक जुळला तरी काम संपत नाही. सुरुवात आम्ही स्वतःपासून करत आहोत. पुढील अंकापासून या तीन गोष्टी नसलेल्या जाहिरातीत 'सर्टिफाइड' हा शब्द आम्ही छापणार नाही.