दाढा गेल्या, ठणका राहिला

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, चार घरची धुणीभांडी करते. तिची डाव्या बाजूची वरची दाढ दुखू लागली. वस्तीजवळच्या दवाखान्यात ती काढली. महिन्याभरात शेजारची दुखू लागली, तीही काढली. मग तिसरी. दर वेळी दोन-तीन दिवसांचा खाडा आणि पगारात कपात. तिन्ही दाढा गेल्या, तरी रिकाम्या जागी ठणका तसाच! शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, हा तुमच्या मनाचा खेळ आहे." घरातलेही तेच बोलू लागले. मीही बोललो, हे कबूल करतो. शेजारणीच्या सांगण्यावरून आक्काने मिसरी लावली, तर दुखणे राहिले आणि वर तंबाखूचे व्यसन जडले.

अखेर तिला सरकारी दंत रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, हिरड्या तपासल्या आणि म्हणाल्या, "दुखणे खरे आहे. पण ते दातात नाही, नसेत आहे."

वाचक बंधू-भगिनींनो, यंत्रात हात गमावलेल्या कामगाराला नसलेला हात दुखतो, हे आपण ऐकले आहे. तसेच हे. दात काढल्यावर किंवा रूट कॅनल केल्यावर कधी कधी तिथली नस बिघडते आणि कारण नसताना मेंदूला दुखण्याचा निरोप पाठवीत राहते. महिनोन् महिने, रोज, एकाच जागी ठणका. तपासणीत मात्र काही सापडत नाही. डॉक्टर याला 'अ‍ॅटिपिकल ओडोन्टाल्जिया' म्हणतात. मध्यम वयाच्या स्त्रियांत हे जास्त आढळते. दात उपटून ते जात नाही, उलट वाढू शकते.

यावर पहिला उपाय म्हणजे अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी गोळी, रात्री, कमी मात्रेत. ही मुळात उदासीनतेच्या आजाराची गोळी. म्हणून आक्का म्हणाली, "मला वेड लागलंय का?" तसे नाही. हीच गोळी नसेचे दुखणेही शांत करते. तोंड कोरडे पडते, झोप येते. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गोळ्यांनी भागत नाही तेव्हा काही ठिकाणी बोटुलिनम या विषाचे इंजेक्शन देऊन पाहतात. सुरकुत्या घालविण्याचे 'बोटॉक्स' ते हेच. खराब झालेल्या डबाबंद अन्नात एक जंतू वाढतो, त्याचे हे विष. पोटात गेले तर जीव घेते. पण अत्यंत थोड्या मात्रेत ते औषध ठरते. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणासाठी आणि २०१० साली जुनाट अर्धशिशीसाठी त्याला मान्यता मिळाली. नसेच्या टोकातून बाहेर पडणारी, दुखण्याचा निरोप नेणारी द्रव्ये ते अडवते, असे मानतात. दुखऱ्या जागेभोवती हिरडीत ते टोचतात. गुण आला तर साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा टोचावे लागते.

मी डॉक्टर नाही, कारकून माणूस; म्हणून जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडतो. दातदुखीवर हे इंजेक्शन आजवर थोड्याच रुग्णांना दिले गेले आहे. त्यांतल्या काहींना आराम पडला, पण पक्का पुरावा अजून नाही. औषध महाग आहे. काही दिवस ओठ वाकडा होऊ शकतो. गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. ब्युटी पार्लरमध्ये तर मुळीच टोचून घेऊ नये. कर्ज काढून याच्यामागे लागण्याआधी गोळीचा उपाय पुरता करून पाहावा.

त्याहून महत्त्वाचे, दाढ काढण्याआधी विचारा: "डॉक्टर, एक्स-रेत काय दिसते? कीड आहे का, चीर आहे का?" सायनसमुळेही वरच्या दाढा दुखतात. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल, तर हृदय तपासून घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे दुसरे मत घ्यावे. एका दिवसाचा खाडा पडेल, पण दाढ वाचेल.

आक्काला इंजेक्शन लागले नाही. गोळीने ठणका निम्म्यावर आला. मिसरी सोडायचा तिचा प्रयत्न चालू आहे. गेलेल्या तीन दाढा मात्र परत येणार नाहीत. घरातली बाई "दुखतंय" म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. मी ते उशिरा शिकलो.