मेंढीच्या गळ्यातली चिठ्ठी

परवा मैदानात आम्ही 'चिठ्ठी-चिठ्ठी' खेळलो. चौथीची मुलं चार-चार पावलांवर उभी. एका टोकाची चिठ्ठी हातोहात माझ्यापर्यंत यायची. छान चाललं होतं! मग मधल्याच एकीला मी म्हटलं, "तू पळत राहा." झालं! चिठ्ठी तिच्याबरोबर पिंपळापाशी गेली आणि पुढचा हात पसरून उभाच.

शेतातले बिनतारी संवेदक, म्हणजे सेन्सर, पुष्कळदा अशीच माहिती पाठवतात. बॅटरी लहान, आवाज तोकडा, म्हणून शेजाऱ्याकडे द्यायची. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 'आरपीएल' या नियमावलीत अशा शेजाऱ्याला खरोखर 'पालक' म्हणतात! पालक अधूनमधून "मी इथं आहे" अशी हाक देतो. सगळं सुरळीत असलं, की बॅटरी वाचवायला दोन हाकांमधलं अंतर दुप्पट-दुप्पट वाढवतो. उसात हे ठीक, ऊस काही चालत नाही.

पण नीरेकाठी मेंढरांचे वाडे येतात ना? तोच संवेदक मेंढीच्या गळ्यात बांधला तर? ती लांब गेली, जुना पालक ऐकू येईना, नव्याची हाक अजून व्हायची आहे. नेमका तेव्हाच लांडगा आला तर? आपल्या बारामती-इंदापूरच्या माळावर लांडगे आहेत बरं का!

म्हणून फिरत्याने वाट बघत बसायचं नाही. आपणच विचारायचं, "जवळ कोण आहे रे?" आणि इतरांनी आपली चिठ्ठी फिरत्याकडे द्यायची नाही. तसं खेळलो, चिठ्ठ्या पोचल्या. पळणारीचा घसा मात्र बसला. बॅटरीचंही तसंच होतं.

अन् जिथे उभं राहणारं कुणीच नाही तिथे? 2004 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी केनियात झेब्र्यांना पट्टे बांधले. पट्टा दर 8 मिनिटांनी जागा नोंदवी. दोन झेब्रे जवळ आले, की पट्टे एकमेकांच्या नोंदी उतरवून घेत. गाडी एकाजवळून गेली तरी अनेकांची खबर मिळे. म्हणजे आमच्या नियमाच्या अगदी उलट! मला ही युक्ती फार आवडते. पण खबर उशिरा येते, लांडग्याच्या वेळी तिचा काय उपयोग?

हे सांगत होते, तर मेंढपाळाच्या घरची एक मुलगी म्हणाली, "बाई, चिठ्ठी आमच्या आबांकडंच द्यायची की! ते कळपासंगंच चालत्यात."

येत्या शनिवारी खेळात मीही चालणार आहे.