परतीची वाट मोकळी ठेवा !

देवणी तालुक्यांतील खेड्यांतून दरसाल कांहीं मुलें दहावी होतांच डॉक्टरीच्या परीक्षेसाठीं लातुरास जातात, आणि पदवी घेतलेलीं मोठीं पोरें एमपीएससीसाठीं पुण्याची वाट धरतात. पोर पास झालें तर चौकांत फलक लागतो. परंतु ज्याचें नांव यादींत येत नाहीं त्याचें काय होतें, याची चौकशी कोणी करीत नाहीं. एखादें पोर जेवत नाहीं, रात्र रात्र जागतें, फोन उचलीत नाहीं असें कानावर आलें, म्हणजे पारावरची मंडळी लागलीच निवाडा देतात कीं, "पोरगें कच्च्या मनाचें निघालें." हा निवाडा साफ खोटा आहे असें आमचें म्हणणें आहे, आणि तें आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रथम हिशेब पाहा. हिशेब कोणाची भीड धरीत नाहीं. २०२३ सालीं तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. २०२४ सालीं पोलीसभरतीच्या जागा १७,४७१ आणि अर्ज साडेसतरा लाखांहून अधिक. त्याच सालीं नीटच्या परीक्षेस देशांत तेवीस लाखांवर मुलें बसलीं. एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास खाजगी कॉलेजांतल्या, म्हणजे कुणब्याच्या ऐपतीबाहेरच्या. तलाठ्याच्या एका जागेमागें दोनशेंहून अधिक अर्ज ! एकास जागा मिळाली. बाकीचे सगळे आळशी, सगळे मठ्ठ, सगळे कच्च्या मनाचे काय? जेथें नापास होणें हाच नियम आणि पास होणें हा अपवाद, तेथें नापासास दोष देणें म्हणजे पाऊस पडला नाहीं म्हणून पेरणाऱ्यास शिव्या देणें होय.

मग मुलांनीं या वाटेस जाऊंच नये काय ? असें आम्ही म्हणत नाहीं. उलट जावें असेंच म्हणतों. शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं हुकूम काढून करवीर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या, त्या रयतेचीं मुलें कारभारांत बसावीं म्हणूनच. आमच्या मराठवाड्यांत तर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू, आणि खेड्यांतल्या माणसास सरकार म्हणजे पटवारी व पोलीस एवढेंच ठाऊक. ज्याचा आजा त्या खुर्चीपुढें हात जोडून उभा राहिला, त्या नातवास ती खुर्ची हवीशी वाटली तर नवल काय ? ही आकांक्षा रास्त आहे. परंतु खुर्ची पोरासाठीं आहे, पोर खुर्चीसाठीं नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्यूरोच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली. त्यांत १,७६४ महाराष्ट्रांतले. कोणत्याही राज्याहून अधिक. हे सर्वच परीक्षेपायीं गेले असें नव्हे. पण फुले-शाहूंच्या महाराष्ट्रास हा पहिला नंबर शोभत नाहीं.

आमचें सांगणें असें कीं, अभ्यासानें पोर मोडत नाहीं. भर उन्हांत सोयाबीन काढणारें पोर दहा तास पुस्तकापुढें बसायला भीत नाहीं. तें मोडतें परत येण्याच्या भीतीनें. बापानें फीसाठीं जमीन गहाण ठेवलेली असते, आईनें गळ्यांतलें मोडलेलें असतें, आणि या गोष्टी त्यास दर फोनांत ऐकविल्या जातात. सणास घरीं आलें कीं जो भेटेल तो विचारतो, "काय, साहेब केव्हां होणार ?" पहिल्या वर्षीं हें कौतुकानें, दुसऱ्या वर्षीं हसून, तिसऱ्या वर्षीं टोचून. मग पोर सणास येणेंच सोडतें. मुलीची तर दुहेरी कोंडी. तिला एकच वर्ष मिळतें, आणि वर्षाच्या शेवटीं मांडव उभा असतो.

इकडे परत येतां येत नाहीं आणि तिकडे पुढें सरकतां येत नाहीं, कारण सरकारी कारभाराची चाल अशी कीं जाहिरात एका सालीं, परीक्षा दुसऱ्या सालीं आणि मुलाखत केव्हां तें कोणास ठाऊक ! २०२१ सालीं पुण्यांत एका तरुणानें जीव दिला. तो नापास झालेला नव्हता. आयोगाची पूर्व व मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट पाहत होता. २०२४ सालीं नीटच्या पेपरफुटीचा तपास लातुरापर्यंत आला. परीक्षाच सचोटीची नाहीं असा संशय रात्र जागणाऱ्या पोराच्या मनांत शिरला, तर त्यानें कशाच्या बळावर जागावें ? आयोगानें वेळापत्रक जाहीर करावें आणि तें पाळावें. ही मेहेरबानी नव्हे, तें त्याचें कामच आहे.

आतां क्लासांकडे वळूं. देवणीचें नांव देशभर झालें तें येथल्या गोवंशामुळें. देवणी बैल बाळगणारा शेतकरी कोवळ्या खोंडाच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. दुपारीं औत सोडतो, पाणी पाजतो, सावलींत बांधतो. हें तो नुसत्या दयेनें करीत नाहीं, अकलेनें करतो. मग हीच अक्कल पोराच्या बाबतींत कोठें जाते ? केंद्र सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें क्लासवाल्यांस नियम घालून दिले : सोळा वर्षांखालील मुलास घेऊं नये, दिवसास पांच तासांहून अधिक शिकवूं नये, आठवड्याची सुट्टी द्यावी व सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीं चाचणी ठेवूं नये, चाचणीचे गुण चारचौघांत लावूं नयेत, मधेंच सोडणाऱ्यास उरलेली फी परत द्यावी. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें मुलांच्या मनाची काळजी घेणारा जाणता सल्लागार नेमावा, आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडूं नयेत. फी भरण्यापूर्वीं बापानें हे नियम क्लासवाल्यास एकेक करून विचारावेत. बाजारांत बैलाचे दांत पाहणाऱ्यानें क्लासच्या दारांत डोळे मिटूं नयेत.

शिक्षकीच्या ट्रेनिंगमध्यें आम्ही शिकलों आणि वर्गांत रोज पाहतों कीं, झोपेवांचून पाठ केलेलें टिकत नाहीं. सात-आठ तास झोप, वेळेवर भाकरी, रोज थोडें चालणें आणि परीक्षेवांचून दुसरें कांहीं बोलणारें एक माणूस, एवढें प्रत्येक पोरास मिळालेंच पाहिजे. झोप उडाली, जेवण तुटलें, माणसांत बसणें सुटलें, "मी तुम्हांला ओझें झालों" असें बोलणें निघालें, तर अंगारा, ताईत आणि देवऋषी यांत एकही दिवस घालवूं नये. पोरास एकटें ठेवूं नये. जवळ बसून, न रागावतां विचारावें आणि मनाच्या डॉक्टरास दाखवावें. हाड मोडलें तर डॉक्टराकडे जाण्याची लाज नाहीं, मग यांतच लाज कसली ? १४४१६ हा सरकारी फुकट दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाला. त्यावर रात्रंदिवस मराठींत बोलतां येतें. हा आंकडा पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

परंतु मुख्य उपाय घरांत आणि गांवांत आहे. पोर जाण्यापूर्वींच आईबापांनीं त्याच्यासह बसून मुदत ठरवावी : किती वर्षें, किती वेळा, किती पैसा. जमीन विकून फी भरूं नये, कारण त्या जमिनीचें वजन पोर परीक्षेच्या खोलींत घेऊन बसतें. हाताशीं दुसरी विद्या ठेवावी. मुदत संपली कीं घरीं यावयाचें, ही हार नव्हे, ठरलेली गोष्ट आहे, असें त्यास जातांनाच सांगावें. मुलीसही मुलाएवढीच मुदत द्यावी. ग्रामपंचायतीनें शाळेची एक खोली संध्याकाळीं अभ्यासास मोकळी करून दिवा, टेबल व पुस्तकें ठेवलीं, तर पुष्कळ पोरांचें पुण्याचें भाडें वांचेल आणि घरची भाकरी मिळेल.

आणि जो परत आला त्यास मान द्यावा. त्यानें राज्यघटना, जमिनीचे कायदे, पंचायतीचे अधिकार हें सारें वाचलेलें असतें. सातबाऱ्यावरील चूक, पीकविम्याचा अर्ज, माहितीच्या अधिकाराचा कागद, या कामांसाठीं गांव त्याच्याच दारीं जातो, आणि पाठ फिरतांच त्यास "फेल" म्हणतो ! कागद वाचतां येत नव्हता म्हणून आमचे वाडवडील लुबाडले गेले. आज कागद वाचणारा माणूस गांवांत राहतो आहे, हें गांवाचें नुकसान कीं नफा ?

तरुण बंधुभगिनींनो, आयोगाच्या यादींत जागा किती आहेत तेवढेंच ती यादी सांगते. तुमची किंमत सांगत नाहीं. आणि आईबापहो, पोळ्याच्या आदल्या दिवशीं तुम्ही बैलाचे खांदे मळतां, वर्षभर त्यानें ओढलेलें ओझें आठवतां. तोच हात एकदां पोराच्या खांद्यावर ठेवा आणि तोंडानें स्पष्ट सांगा, "निकाल कांहीं लागो, घर तुझें आहे."